देवाच्या दारातलं धरणं : तुकोबांच्या तेरा दिवसांचं वाचन

संतवाङ्मयावरच्या आपल्या या व्याख्यानांत आज आपण एका अगदी साध्या वाक्याची झाडाझडती घेणार आहोत. ‘देवावर विश्वास ठेव, तो सगळं नीट करील.’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकानं कुणाला ना कुणाला म्हटलेलं आहे आणि प्रत्येकानं ऐकलेलंही आहे. दवाखान्याच्या बाकावर, दहाव्याला घाटावर, कर्ज थकलेल्या घराच्या ओट्यावर. म्हणणाऱ्याच्या मनात कळवळा असतो, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण ऐकणाऱ्याच्या अंगावर त्यातून एक जादा ओझं पडतं, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. मदत आली तर ठीक. नाही आली तर? दोष कुणाचा? देवाचा तर असू शकत नाही. मग उरतं एवढंच, की याचाच विश्वास कमी पडला. म्हणजे ज्याचं मूल गेलं, ज्याचं घर गेलं, त्याच्या माथ्यावर आपण अश्रद्धेचा आळही ठेवून येतो.

आणि हे करताना आपण बिनदिक्कत तुकोबांना साक्षीला काढतो. ‘तुकोबांवर केवढी संकटं आली, पण त्यांनी तक्रार केली का?’ असं कीर्तनात ऐकू येतं, शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकू येतं, सकाळी सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासकट येतं.

तर मंडळी, उत्तर असं आहे की केली. भरपूर केली. मराठीत देवाविरुद्ध इतकी सविस्तर तक्रार फार थोड्यांनी केली असेल. आमचं आजचं म्हणणं आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाथेतला भरवसा गप्प बसणारा नाही, तो तगादा लावणारा आहे. आणि ही गोष्ट चमत्कारकथांनी, चित्रपटानं आणि आपल्या गोडगोड निरूपणांनी झाकून टाकली आहे.

आधी संकट काय होतं ते नीट पाहू. १६३० च्या सुमाराला दख्खन आणि गुजरात या दोन्ही भागांत जो दुष्काळ पडला, तो त्या शतकातला सर्वांत भीषण म्हणावा लागेल. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानं ‘बादशाहनाम्या’त त्याचं वर्णन केलं आहे. भाकरीच्या तुकड्यासाठी माणसं स्वतःला विकायला तयार होती आणि घेणारा मिळत नव्हता, असं तो लिहितो. हाडांची पूड पिठात मिसळून विकली जात होती, माणसं माणसांचं मांस खायला लागली होती, असंही लिहितो. दरबारी लेखक सहसा आपल्या बादशहाच्या राज्यात सगळं छान चाललंय असंच लिहितात, हे लक्षात घेतलं म्हणजे या नोंदीचं वजन कळतं.

देहूचं मोरे घराणं तेव्हा खाऊनपिऊन सुखी होतं. शेती, दुकानदारी, गावची महाजनकी, थोडी सावकारी. घरात विठ्ठलाचं देऊळ वंशपरंपरेनं चालत आलेलं. वडील बोल्होबा आणि आई कनकाई लागोपाठ गेले. थोरल्या भावाची, सावजीची बायको वारली आणि तो घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेला. सगळा प्रपंच मधल्या मुलावर आला. परंपरेनं मानलेलं १६०८ हे जन्मसाल धरलं, तर दुष्काळ आला तेव्हा तुकोबा बावीस-तेवीस वर्षांचे. पहिली बायको रखुमाबाई दम्यानं आजारी असायची, म्हणून दुसरी जिजाबाई केलेली. दुष्काळात रखुमाबाई गेली, मुलगा संतूही गेला. दुकानाचं दिवाळं वाजलं.

हे सगळं तुकोबांनी एका आत्मचरित्रपर अभंगात सांगितलं आहे. सांगू नये असं वाटत होतं, पण संतांनी विचारलं म्हणून सांगतो, अशी त्याची सुरुवात आहे. हा अभंग आपण सगळ्यांनी शांतपणे वाचायला हवा, कारण त्यात एकही चमत्कार नाही. दुष्काळानं पैसा गेला आणि त्याबरोबर गावातला मान गेला. बायको अन्नासाठी टाहो फोडत मेली. आणि मग तुकोबा एक शब्द वापरतात, तो शोकाचा नाही, लाजेचा आहे. आपल्याला लाज वाटली, असं ते म्हणतात. घरातल्या माणसाला खायला घालता आलं नाही, याची लाज. कुठल्याही कर्त्या माणसाला विचारा, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

त्यानंतर काय, तर भंगलेलं देऊळ नीट करावं असं मनात आलं. मंडळी, इथं क्षणभर थांबा. देवानं यांना वाचवलेलं नाही. बायको, पोर, पैसा, अब्रू यांतलं काहीही वाचलेलं नाही. आणि हा माणूस उठून त्या देवाची पडकी भिंत बांधायला घेतो. ‘देव मदत करील’ या वाक्यात जो क्रम आपण गृहीत धरतो, तो इथं सरळ उलटा झालेला आहे. या कवितेला त्याचं स्पष्टीकरण द्यावंसंही वाटत नाही.

आता एका अवघड जागेकडे जाऊ. गाथेत असेही अभंग आहेत जे आमच्या म्हणण्याच्या आड येतात, आणि ते टाळून पुढं जाणं बरोबर नाही. एका अभंगात तुकोबा देवाला सांगतात की दिवाळं निघालं ते ठीकच झालं, दुष्काळानं छळलं तेही ठीक, घरवाली तोंडाळ मिळाली तेही ठीक, लोकांत मानहानी झाली, गुरंढोरं गेली, सगळं ठीकच. दुसऱ्या एका अभंगात तर बायको मेली, पोर मेलं, आई मेली, आणि प्रत्येक मरणागणिक देवानं आपल्याला कशातून तरी सोडवलं असं म्हटलं आहे. निरूपणकारांचा हा आवडता ऐवज. पाहा, म्हणतात, कशी ही विरक्ती!

आम्हाला त्या पहिल्या अभंगात विरक्तीपेक्षा हिशेब जास्त दिसतो. वाण्याच्या पोरानं नुकसानीची यादी करावी तशी एकेक बाब मांडलेली आहे. जे खरंच मनातून उतरलं, ते माणूस इतकं बारकाईनं मोजत बसत नाही. त्याला ‘ठीक झालं’ असं पुन्हा पुन्हा म्हणावं लागतंय, आणि तेही देवाला ऐकवून. या सुरात उपरोध किती आणि स्वीकार किती, हे ज्यानं त्यानं मोठ्यानं वाचून पाहावं. सूर बदलला की अभंग बदलतो.

दुसऱ्या अभंगाचं मात्र आम्हाला असं समर्थन करता येत नाही. बायकोचं मरण म्हणजे आपली सुटका, हे वाचताना रखुमाबाईचा तो टाहो कानात राहतो आणि तो टाहो तुकोबांनीच आपल्याला ऐकवलेला असतो. एकाच गाथेत लाज वाटणारा नवरा आहे आणि मोकळा झालेला भक्त आहे. दोघांची सांगड घालून देण्याची जबाबदारी समीक्षेनं घेऊ नये असं आम्हाला वाटतं. अडचण एवढीच, की आपण दुसऱ्यालाच व्यासपीठावर बसवलं आणि पहिल्याला घरी पाठवलं. ज्या बाईचं पोर गेलंय तिच्यासमोर ‘देवानं माया सोडवली’ असलं निरूपण करणाऱ्यानं आधी तो लाजेचा शब्द वाचलेला असला पाहिजे.

आता तेरा दिवसांकडे येऊ. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे.

गोष्ट आपल्याला पाठ आहे. शूद्रानं वेदांचा अर्थ मराठीत सांगावा हे काहींना सोसवलं नाही. वाघोलीचे रामेश्वर भट्ट यांचं नाव परंपरा घेते. तुकोबांनी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, तेरा दिवस अन्नपाण्याविना काठावर पडून राहिले आणि वह्या वर आल्या. आत्मचरित्रपर अभंगात तुकोबा याच प्रसंगाला एक शब्द वापरतात : धरणं. वह्या बुडवून आपण धरणं धरून बसलो, असं ते सांगतात.

आज धरणं म्हटलं की कलेक्टर कचेरीसमोरचा मंडप आणि सतरंजी डोळ्यांसमोर येते. सतराव्या शतकात धरणं ही वसुलीची रीत होती. ऋणको पैसे देत नाही, तर धनको किंवा त्याच्या वतीनं कुणीतरी त्याच्या दारात जाऊन बसायचा. खायचा नाही, प्यायचा नाही. दारात माणूस उपाशी असताना घरातल्यांनी जेवायचं नाही, हा संकेत. बसणारा मेला तर हत्येचं पाप घरमालकाच्या डोक्यावर. ही रीत इतकी जबरदस्त होती की १८६० च्या भारतीय दंडविधानाला तिची दखल घ्यावी लागली. कलम ५०८ मध्ये, दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काम करून घेण्याचा गुन्हा सांगितला होता, आणि त्याचं उदाहरण म्हणून दारात धरणं धरून बसणारा माणूसच दिलेला होता.

हे डोक्यात ठेवून त्या तेरा दिवसांचे म्हणून जे अभंग गाथेत येतात ते वाचा. तेरा दिवस झाले तरी तू येत नाहीस, असं तुकोबा देवाला सुनावतात. दगडाची खोळ पांघरून बसला आहेस, तुला झालंय तरी काय, असं विचारतात. आणि शेवटी सरळ सांगतात की मी इथं जीव देईन आणि ही हत्या तुझ्यावर घालीन. ही भाषा प्रार्थनेची आहे का? ही शब्दशः धरणेकऱ्याची भाषा आहे. जो मनुष्य सावकारी करणाऱ्या घरात वाढला, ज्यानं तगादे लावले आणि नंतर सोसले, त्यानं ही भाषा कुठून आणली हे शोधायला लांब जावं लागत नाही. परंपरा तर असंही सांगते, की याच इंद्रायणीत तुकोबांनी आधी एकदा कागद बुडवले होते. ती लोकांकडून येणं असलेली कर्जखतं होती. धाकटा भाऊ कान्होबा संसारी, म्हणून त्याच्या वाटणीची अर्धी खतं त्याला दिली आणि आपली अर्धी नदीत सोडली. एका नदीत एका माणसाचे दोन प्रकारचे कागद. लोकांकडचं येणं त्यानं सोडून दिलं. देवाकडचं सोडलं नाही.

मग देवाकडे येणं काय होतं? इथं ‘ब्रीद’ हा शब्द लागतो. ब्रीद म्हणजे बिरुद, चारचौघांत मिरवलेलं नाव. दीनांचा कैवारी, पतितांना पावन करणारा, अशी नावं देवानं स्वतःला लावून घेतली आहेत. संतांची सगळी भांडणं या नावांवरून आहेत. नामदेवांच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात तर भक्त म्हणतो की तुझं नाव ऐकून दारापर्यंत आलो होतो, ते नाव खोटं निघालं, निघालो परत. असं बोलायला विश्वास लागतो, मंडळी. ज्याच्या शब्दावर आपला मुळीच भरवसा नाही, त्याला आपण शब्द मोडल्याचा जाब विचारायला जात नाही. पाठ फिरवतो आणि विसरून जातो. भांडायला जाणाऱ्यानं समोरच्याला अजून धरून ठेवलेलं असतं. आम्ही ‘भरवसा’ म्हणतो तो हा.

पण खरी गंमत पुढंच आहे, आणि आमच्या मते गाथेतली ही सर्वांत सुंदर जागा आहे. मदत आल्यावर तुकोबा काय म्हणतात?

चमत्कारकथेत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. महिपतीबुवा ताहाराबादकरांनी ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ मध्ये पुरं केलं. तुकोबा गेले त्याला तोवर शंभराहून जास्त वर्षं उलटली होती. तिथं गावकऱ्यांना दृष्टांत होतो, लोक नदीवर धावतात, कोरड्या वह्या वर येतात, विरोधकांची खोड मोडते. महिपती उत्तम कथेकरी आहेत, त्यांच्या रसाळपणाला आम्ही नावं ठेवत नाही. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’नं त्या कथेला डोळे दिले. विष्णुपंत पागनीसांचा तो चेहरा इतका खरा आहे की पुढं कित्येक घरांत तुकोबा म्हणून तोच डोळ्यांसमोर आला. दोन्हीकडे मदतीचा अर्थ एकच : जिंकणं. देव आला, भक्ताची बाजू खरी ठरली, टाळ्या.

गाथेत टाळ्या नाहीत. तिथं तुकोबा ओशाळलेले आहेत. आपण मोठा अन्याय केला, तुझा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्यापायी तुझं मन दुखावलं, असं ते म्हणतात. डोळे मिटून तेरा दिवस पडून राहिलो आणि माझ्या तहानभुकेचं ओझं तुझ्यावर टाकलं. तू पाण्यात उभा राहून माझे कागद सांभाळलेस. इथून पुढं कुणी माझी मान कापली तरी तुला शीण होईल असं काही करणार नाही. समर्थावर भार कसा घालावा हेही मला कळलं नाही.

देव पाण्यात उभा आहे, हे चित्र बघा. तेरा दिवस, कागद हातात धरून. आकाशातून हात येत नाही, वीज चमकत नाही. पुरात घर बुडालं की एखादा शेजारी डोक्यावर गाठोडं धरून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो ना, तसं. आणि भक्ताला पहिली चिंता पडते ती त्याच्या दमण्याची. आपली बाजू खरी ठरल्याचा आनंद त्या अभंगांत जवळजवळ नाहीच. लोकापवाद टळला एवढी नोंद आहे, बस. आत्मचरित्रपर अभंगात तर वह्या वर आल्याचा उल्लेखही नाही. नारायणानं समाधान केलं, एवढंच. समाधान म्हणजे समजूत काढणं. धरणं धरून बसलेल्याच्या शेजारी येऊन कुणीतरी त्याची समजूत काढली.

आता जनाबाई आठवा. नामदेवांच्या घरी राबणारी पोर. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, शेणी वेचतो, तिचं डोकं विंचरतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात. तिचं दासीपण काही देवानं संपवलं नाही. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावला. ज्या बायांनी पहाटे दळण दळलं आहे त्यांना विचारा, दुसऱ्या हातानं किती फरक पडतो ते. लोककथेला या प्रमाणाचं भान असतं, असं आम्हाला वारंवार जाणवतं. जिजाईची गोष्ट घ्या. भंडारा डोंगरावर नवऱ्याला भाकरी घेऊन जाताना तिच्या पायात काटा मोडतो आणि ज्याला ती आयुष्यभर शिव्या घालत आली तो काळा येऊन काटा काढतो. दिवाळं तसंच राहतं, पोरं उपाशी ती उपाशीच, देवानं काढला तो काटा. चित्रपटात तर हीच जिजाई आजारी पोरासाठी देवळात जाते आणि देवावर पायताण उगारते. प्रेक्षकांना ती आवडली, कारण ती धरणेकऱ्याच्याच घरची आहे.

इथं एक जुना आक्षेप विचारात घ्यावा लागेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० सालच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात संतांना मराठी सत्तेच्या उदयाचं श्रेय दिलं. इतिहासाचार्य राजवाड्यांना ते मान्य नव्हतं. या टाळकुट्यांनी समाज निष्क्रिय केला, असा त्यांचा रोख होता. देवावर हवाला ठेवून बसा म्हटलं की माणूस हातपाय हलवत नाही, हा तो आक्षेप, आणि तो अजून शिळा झालेला नाही. आमच्या मते राजवाड्यांचा राग निरूपणकारांवर निघाला असता तर पुष्कळसा योग्य ठरला असता. गाथेवर तो लागत नाही. भर दुष्काळानंतर देऊळ बांधणारा, देवाच्या दारात बसून हिशेब मागणारा माणूस निष्क्रिय म्हणायचा तर सक्रिय कुणाला म्हणायचं?

पण आमच्या मांडणीला खरी अडचण राजवाड्यांची नाही, चोखोबांची आहे.

चोखामेळा मंगळवेढ्याचे. गावकुसाचं काम चाललेलं असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून ते गेले. परंपरेनं दिलेलं साल १३३८. देव पाण्यात उभा राहिला, देवानं जातं ओढलं, मग भिंतीखाली हात का घातला नाही? परंपरेकडे याचं उत्तर नाही. तिच्याकडे आहे ती नंतरची गोष्ट : नामदेव मंगळवेढ्याला गेले, हाडं कानाला लावून पाहिली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली. गोष्ट हलवून टाकणारी आहे. तरी तिच्यात एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. देवळाच्या पायरीबाहेर जिवंतपणी उभा असलेला माणूस मेल्यावरही पायरीबाहेरच राहिला.

चोखोबांचा मुलगा कर्ममेळा. त्याचे मोजकेच अभंग आपल्यापर्यंत आले आहेत, आणि ते वाचले की तुकोबांचं भांडणही घरगुती वाटायला लागतं. आमची जात हीन तूच केलीस, तुला एवढं कळत नाही का, आमचा जन्म उष्टं खाण्यात गेला आणि तुला लाज वाटत नाही, असं तो देवाला विचारतो. पुन्हा लाज! तुकोबांना स्वतःची वाटली, कर्ममेळा ती देवाकडे पाठवतो. वडील सोसत सोसत गात होते, मुलानं सरळ सवाल केला. आणि तरी सवाल कुणाला केला? देवालाच. आमचं विश्वासाबद्दलचं म्हणणं इथवर ताणता येतं का, याबद्दल आम्ही हट्ट धरणार नाही. कर्ममेळ्याला देवाबद्दल भरवसा उरला होता, की दाद मागायला दुसरं कुठलं दारच नव्हतं, हे त्या अभंगांवरून ठरवता येत नाही. एवढं खरं, की वारकरी परंपरेनं ते अभंग फेकून दिले नाहीत. देवाला निर्लज्ज म्हणणारे शब्द तिनं जपून ठेवले.

चोखोबांसाठी दार उघडलं ते १९४७ साली. १ मे रोजी साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, १० मे रोजी ते सुटलं आणि विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं झालं. भिंत कोसळली त्याला सहाशे नऊ वर्षं झाली होती. आता हे उपोषण कुणाच्या दारात होतं बघा. देवाच्या गावात खरं, पण धरणं होतं ते बडव्यांच्या आणि आपल्या सगळ्यांच्या दारात. दहा दिवस. मदत कुठून आली असं विचारलं तर एक वारकरी म्हणेल देवाकडून, एक म्हणेल गुरुजींकडून, आणि दोघं एकाच दिंडीत चालतील. आम्ही त्यात पडत नाही. आम्हाला रस आहे तो या गोष्टीत, की पंढरीच्या देवासमोर उपाशी बसून मागणं मागण्याची रीत गुरुजींना नव्यानं शोधावी लागली नाही.

२०२० साली देवळं बंद झाली तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. १ जुलैच्या आषाढीला पालख्या एसटीतून पंढरपूरला गेल्या. तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये सुरू केलेली ही पालखी त्या वर्षी बसमधल्या सीटवर होती. त्या दिवसांत ‘देव परीक्षा पाहतोय’ असं पुष्कळांनी लिहिलं, बोललं. आम्ही त्या वेळी गाथा पुन्हा उघडली होती, आणि आमचे डोळे वारंवार थांबले ते भलत्याच जागी. गाथेच्या छापील आवृत्त्यांत तुकोबांच्या बरोबरीनं त्यांच्या भावाचे, कान्होबांचे अभंग असतात. १६४९ मध्ये तुकोबा गेले. वैकुंठाला गेले असं आपण म्हणतो, विमानाचं चित्र भिंतीवर लावतो. कान्होबांच्या अभंगांत विमान दिसत नाही. तिथं एक भाऊ दुःखानं फुटलेला आहे, त्याचा गळा दाटून आलेला आहे. तू आमच्या घराचा घात केलास, लेकरं पोरकी केलीस, म्हणून तो देवाला बोल लावतो आणि आपला भाऊ परत मागतो. सदेह वैकुंठगमनाच्या सोहळ्यात हे अभंग म्हणताना आम्ही फारसे ऐकलेले नाहीत. जिजाई त्या वेळी गरोदर होती. पुढं पालखी काढणारे नारायणबाबा ते हेच, वडिलांचं तोंड न पाहिलेले.

हा कान्होबा म्हणजे तोच, ज्यानं आपल्या वाटणीची अर्धी खतं नदीत सोडू दिली नव्हती. त्याचा भाऊ काही परत आला नाही. त्यानं मागणं मात्र मागे घेतलेलं नाही. गाथा उघडली की ते अजून तिथं आहे.